किरायेदाराने करार मोडला: नोटीस कोणती, किती दिवसांची आणि कुठे फसते (नागपूर)

सदर_कचेरी (धागाकर्ता)

घर किंवा दुकान खाली करून घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, 'नोटीस किती दिवसांची द्यायची?' त्याच्या आधीचा प्रश्न मात्र राहून जातो. समोरचा माणूस कायद्याच्या हिशेबात कोण आहे? ते ठरल्याशिवाय दिवस मोजण्यात अर्थ नाही.

नागपुरात साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, महाल-इतवारीतला वाडा किंवा सीताबर्डीतलं दुकान. महिन्याचा किराया, पावत्या, करार कधी कागदावर तर कधी नुसता तोंडी. इथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागतो. ताबा मिळण्याची कारणं त्यातल्या कलम १५ आणि १६ मध्ये दिली आहेत. त्याबाहेरचं कारण करारात लिहून घेतलं तरी त्यावर ताबा मिळत नाही.

दुसरा, मनीषनगर-बेसाकडचा फ्लॅट, राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेला. मुदत संपूनही तो खाली झाला नाही तर भाडे कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करायचा. दिवाणी दावा लावायचा नाही.

तिसरा, बँक, सार्वजनिक उपक्रम, किंवा भरणा झालेलं भागभांडवल १ कोटी वा त्याहून जास्त असलेली कंपनी. कलम ३ ने यांना भाडे कायद्याबाहेर ठेवलं आहे. इथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ आणि तुमचा करार, एवढंच.

आता मुख्य मुद्दा. पहिल्या प्रकारात कायद्याने सक्तीची केलेली नोटीस एकच आहे, थकबाकीची. ९० दिवस, कलम १५(२). पोटभाडेकरू ठेवला, वापर बदलला, पक्कं बांधकाम केलं, शेजाऱ्यांना उपद्रव दिला, यांपैकी कशालाही कायदा आधी नोटीस मागत नाही. तरीही द्यावी का? बहुतेक वेळा द्यावी, पण तिचं काम पुरावा तयार करण्याचं असतं. एका कारणात तर आधी दिलेली नोटीस मालकाचंच नुकसान करते. ते खाली येईलच.

---

पंधरा_दिवस

मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ ची, भाडेदारी संपवण्याची १५ दिवसांची नोटीस सगळ्यांनाच द्यावी लागते ना? वकिलांच्या प्रत्येक नोटिशीत 'आपली भाडेदारी संपुष्टात आणण्यात येत आहे' हे वाक्य असतंच.

---

सदर_कचेरी

वाक्य असतं, गरज नसते. धनपाल चेट्टियार प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी सांगितलं आहे की भाडे कायदा लागू असेल तिथे कलम १०६ खाली भाडेदारी संपवण्याची नोटीस लागत नाही. ताबा मिळतो तो भाडे कायद्यातल्या कारणावर. तरीही ते वाक्य मसुद्यात ठेवतात, कारण पुढे समोरचा 'आम्ही कंपनी आहोत, आम्हाला भाडे कायदा लागतच नाही' असं म्हणाला तर तीच नोटीस कामी येते. सावधगिरी म्हणून ठीक आहे.

घोळ उलट बाजूने होतो. थकबाकीच्या प्रकरणात १५ दिवसांची नोटीस देतात आणि विसाव्या दिवशी दावा लावतात. त्या कारणापुरता तो दावा मुदतीआधी लावलेला ठरतो आणि ९० दिवसांचं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

---

इतवारी_गल्ली

आमच्या भागातली जुनी मंडळी अजूनही म्हणतात, 'आधी रेंट कंट्रोलरची परवानगी घ्या, मग नोटीस.' त्याचं काय?

---

सदर_कचेरी

ते चूक बोलत नाहीत, फक्त जुन्या काळातलं बोलतात. विदर्भात आधी सी.पी. अँड बेरार रेंट कंट्रोल ऑर्डर, १९४९ होती. तिच्या खंड १३ खाली आधी रेंट कंट्रोलरपुढे कारण सिद्ध करून परवानगी घ्यायची, मग नोटीस द्यायची, मग दिवाणी दावा. एका घरासाठी दोन लढाया. मुंबई-पुण्याकडे ही भानगड नव्हती, कारण तिकडे १९४७ चा मुंबईचा कायदा होता. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा कायदा सगळ्या राज्याला लागू झाला आणि परवानगीची पायरी गेली. आता थेट दावा लावायचा. नागपुरात तो लघुवाद न्यायालयात चालतो.

जुन्या फायलीतला मसुदा उचलून नाव-पत्ता बदलला की नोटिशीत 'परवानगी मिळाल्यानंतर' असे शब्द राहून जातात. दावा त्याने पडत नाही, पण उलटतपासणीत एक प्रश्न फुकट वाढतो.

---

मसुदा_मास्तर

थकबाकीच्या नोटिशीत काय असावं ते सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

सुरुवात जागेच्या वर्णनापासून. मनपाचा घर क्रमांक, वॉर्ड, मजला, चतुःसीमा आणि किती खोल्या. 'महालातील दुकान' एवढ्याने भागत नाही. एका वाड्यात चार किरायेदार असतील तर कोणत्या खोल्यांबद्दल नोटीस आहे हे नकाशा न बघता कळलं पाहिजे.

मग किराया किती आणि महिना कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत धरता. मग थकबाकी महिन्यावार: अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत, इतके महिने, दर इतका, एकूण इतके. नुसता ठोक आकडा टाकू नका. कलम ११ खाली मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ घेता येते. ती लावली असेल तर कोणत्या तारखेपासून लावली ते लिहा. नोटिशीत एकदम पाच वर्षांची वाढ काढून थकबाकीत मिसळली की प्रामाणिक मागणीसुद्धा फुगवलेली दिसते.

वीजबिल, पाणीपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स वेगळ्या ओळीत मांडा. कलम १५ ची मागणी किराया आणि परवानगी असलेल्या वाढीची असते. बाकीच्या रकमा तिच्यात घातल्या की 'नेमकं किती भरायचं तेच आम्हाला कळलं नाही' हा बचाव आपणच त्याच्या हातात देतो.

३ वर्षांपेक्षा जुन्या किरायाची वसुली मुदतबाह्य होते. १९९५ पासूनची थकबाकी मांडून आकडा मोठा करण्यात काहीच फायदा नाही. न्यायालय तेवढा भाग कापतं आणि मागणी अवाजवी होती, ही छाप मागे राहते.

शेवटी स्पष्ट वाक्य: नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत रक्कम भरा, अमुक खात्यात किंवा अमुक पत्त्यावर. खाते क्रमांक द्याच. बऱ्याच नोटिशींत भरणा कुठे करायचा तेच नसतं, आणि मग किरायेदार सांगतो, 'पैसे घेऊन गेलो होतो, मालकांनी घेतले नाहीत.'

सही मालकाची किंवा त्याच्या वतीने वकिलाची. जागा भावंडांची सामाईक असेल तर सगळ्यांची नावं घाला. एका सहमालकाची नोटीसही बऱ्याचदा चालते, पण वाटणीचं भांडण आत असेल तर किरायेदार त्यातच अंग चोरतो.

---

लिफाफा

बजावणीवर थोडं. भाडे कायदा सांगतो, कलम १०६ मध्ये दिली आहे तशी बजावा. म्हणजे टपालाने, किंवा हातात, किंवा राहत्या जागी घरच्या माणसाकडे वा नोकराकडे. ते जमण्यासारखं नसेल तरच जागेच्या दर्शनी भागावर चिकटवायची. लोक आधी चिकटवतात, फोटो काढतात आणि टपाल करतच नाहीत. तो क्रम उलटा आहे.

दुकानाची नोटीस असेल तर दोन लिफाफे: एक दुकानाच्या पत्त्यावर, एक घरच्या. किरायेदार वारला असेल आणि दुकान मुलं चालवत असतील तर प्रत्येकाच्या नावे वेगळा. ५०-६० रुपयांची बचत इथे करू नका.

२०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं. त्यामुळे काउंटरवर नुसतं 'स्पीड पोस्ट' म्हणू नका, नोंदणी आणि पोचीचा पुरावा दोन्ही मागून घ्या. पावतीवर नाव आणि पिनकोड बरोबर छापला आहे का ते तिथेच उभं राहून बघा. ४४००३२ च्या जागी ४४००२३ पडला तर 'योग्य पत्त्यावर पाठवली' हे गृहीतकच डळमळतं. ट्रॅकिंगचं पान 'वितरित' दाखवेल त्याच दिवशी छापून ठेवा, काही महिन्यांनी ते दिसत नाही.

आणि लिफाफा परत आला तर फोडू नका. 'घेण्यास नकार' किंवा 'दार बंद, सूचना दिली' हा पोस्टमनचा शेरा आणि तारखेचा शिक्का लिफाफ्यावरच असतो. बंद लिफाफा न्यायालयात जातो, आत काय आहे ते तिथे उघडून बघतात. घरी फोडून टेप लावलेल्या लिफाफ्याचा पुरावा निम्मा गेला. योग्य पत्त्यावर पाठवलेली नोटीस नाकारली तर ती बजावली गेली, असं गृहीत धरतात. नाही मिळाली हे सिद्ध करण्याचा भार मग घेणाऱ्यावर येतो.

---

पंधरा_दिवस

व्हॉट्सॲपवर निळ्या टिका आल्या तर?

---

लिफाफा

जोडपुरावा म्हणून उत्तम. एकट्या त्याच्यावर विसंबू नका, कलम १०६ मध्ये व्हॉट्सॲप नाही. आणि ते छापून दाखल करायचं तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मोबाइल बदलला, चॅट गेलं, की हातात फक्त स्क्रीनशॉट उरतो.

---

वर्धा_रोड

आपल्याकडे दर उन्हाळ्यातलं भांडण घ्या. किरायेदाराने खिडकीची जाळी कापून कूलर बसवला, लोखंडी स्टँड भिंतीत ठोकला, टाकी गळते आणि खालच्या मजल्याच्या भिंतीला ओल येते. हा करारभंग धरून घर खाली करून घेता येईल का?

---

मसुदा_मास्तर

एवढ्यावर कठीण. कलम १६ मधलं 'पक्कं बांधकाम' म्हणजे काय नाही, हे कायद्यातच स्पष्टीकरणात दिलं आहे: लाकडी पार्टिशन, स्वयंपाकघरातला ओटा, दार, जाळीकाम, हवेसाठी खिडकी, फॉल्स सिलिंग, एसी, धुराडं. एसी जिथे पक्कं बांधकाम नाही, तिथे कूलरच्या स्टँडवर दावा उभा राहणं अवघड.

मात्र ओल हा वेगळा धागा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८(ओ) सांगतं की किरायेदाराने वास्तूला नासधूस करणारं किंवा कायमची हानी करणारं काही करू नये, आणि भाडे कायद्याच्या कलम १६(१)(ए) ने ते ताब्याचं कारण केलं आहे. भर 'कायमची' या शब्दावर आहे. रंग उडाला, पोपडे आले, हे कायमचं नाही. स्लॅबची सळई उघडी पडून गंजली, भिंतीला तडा गेला, तर बोलता येईल.

इथे नोटीस खरोखर कामाची आहे. कलम १०८(एम) खाली किरायेदाराच्या चुकीने झालेला दोष मालकाने नोटीस देऊन दाखवला की तो ३ महिन्यांत दुरुस्त करणं किरायेदारावर बंधनकारक आहे. नोटिशीत असं लिहा: उत्तरेकडच्या खिडकीखाली, जमिनीपासून इतक्या फुटांवर, इतक्या लांबीची ओल, कारण कूलरच्या टाकीचा ओव्हरफ्लो, उपाय म्हणून स्टँड भिंतीपासून बाहेर काढा, पाण्याला नळी लावा, गिलावा पूर्ववत करा, मुदत ३ महिने. फोटो मे महिन्यातच काढून ठेवा. पावसाळा लागला की ओल कूलरची की पावसाची, हे कोणीच सांगू शकत नाही, आणि समोरचा वकील नेमकं तेच विचारतो. शक्यतो स्थापत्य अभियंत्याचा लेखी पाहणी अहवाल घ्या. जागा बघायला आत जाण्याचा मालकाला हक्क आहे, पण आधी कळवून आणि वाजवी वेळी.

३ महिन्यांत दुरुस्ती झाली तर भांडण मिटलं. नाही झाली तर तीच नोटीस दाव्यात पहिल्या पानाला लागते.

---

शटर_बंद

आणि ज्या कारणात नोटीस मालकाला भोवते, ते कोणतं?

---

सदर_कचेरी

दोन आहेत, एक पूर्ण आणि एक अर्धं.

पूर्ण म्हणजे कलम १६(१)(एन). वाजवी कारणाशिवाय, ज्या कामासाठी जागा दिली त्यासाठी सलग ६ महिने वापरली नाही, तर ताबा मिळतो. हे ६ महिने मोजायचे ते दाव्याच्या तारखेच्या लगत मागचे. आता मालकाने आठ महिने बंद असलेल्या दुकानाबद्दल आधी कडक नोटीस पाठवली. दुसऱ्या दिवशी किरायेदार शटर उघडतो, उदबत्ती लावतो, दोन खोकी मांडतो, गुमास्त्याचं (दुकानाच्या परवान्याचं) नूतनीकरण करतो. महिनाभराने दावा लागतो तेव्हा 'लगत मागचे ६ महिने' हे गणितच मोडलेलं असतं. या कारणात आधी पुरावा गोळा करा आणि सरळ दावा लावा. वीजमीटर त्याच्या नावावर असेल तर महावितरणच्या बिलांचे युनिट न्यायालयामार्फत मागवता येतात. कुलपाच्या एका फोटोपेक्षा सहा महिन्यांची शून्य युनिटची बिलं कितीतरी भारी पडतात.

अर्धं म्हणजे पोटभाडेकरू. इथे नोटीस द्यायला हरकत नाही, पण पुरावा आधी, नोटीस मग. दुकानावरची पाटी, आत टांगलेलं जीएसटी प्रमाणपत्र, गुमास्ता कुणाच्या नावावर, बिलबुकावर कोणाचं नाव, क्यूआर कोड स्कॅन केला की कोणाचं खातं उघडतं, हे सगळं तारखेसह जमवा. हजार रुपयांची खरेदी करून पक्कं बिल घ्या. जीएसटीच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की व्यवसायाचं मुख्य ठिकाण दिसतं, ते छापून ठेवा. नोटीस गेल्यावर पाटी उतरते आणि 'हे आमचे भागीदार' म्हणून भागीदारीपत्र पुढे येतं. त्रयस्थाचा स्वतंत्र ताबा दिसला की खुलासा करण्याचा भार किरायेदारावर येतो, पण तो ताबा आधी दाखवावा लागतो मालकालाच.

---

हिंगणा_गेट

एमआयडीसीकडच्या गोदामांबद्दल थोडी भर. समोर 'प्रा. लि.' दिसलं की लोक भाडे कायदा लागत नाही असं धरून चालतात. निकष भरणा झालेल्या भांडवलाचा आहे, अधिकृत भांडवलाचा नाही. अधिकृत ५ कोटी आणि भरणा १० लाख, अशा कंपन्या भरपूर आहेत आणि त्यांना भाडे कायद्याचं संरक्षण मिळतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीच्या मास्टर डेटात दोन्ही आकडे शेजारीशेजारी दिसतात. त्या पानाची प्रत फायलीला लावा.

कंपनी खरोखर कायद्याबाहेर असेल आणि करारात वेगळं काही नसेल तर मासिक भाडेपट्ट्याला १५ दिवस, उत्पादनासाठी दिलेल्या जागेला ६ महिने. नुसती साठवण म्हणजे उत्पादन नव्हे. मुदत नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून. पूर्वी ती भाडे महिन्याच्या अखेरीलाच संपावी लागायची आणि एका दिवसाच्या फरकाने दावे पडायचे. कलम १०६ च्या दुरुस्तीनंतर तो काच गेला. दिवस कमी लिहिले गेले तरी दावा पूर्ण मुदत उलटल्यावर लावला असेल तर नोटीस रद्द होत नाही.

मुदतीच्या भाडेपट्ट्यात मात्र अट मोडली म्हणून मुदतीआधी पट्टा संपवायचा असेल तर करारात परत प्रवेशाचं कलम (अट मोडल्यास मालक पट्टा संपवून जागा परत घेऊ शकेल, असं) हवं. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ११४-अ बघा: नेमकी कोणती अट मोडली ते लिहून कळवायचं, सुधारता येण्याजोगी असेल तर सुधारायला सांगायचं, आणि वाजवी वेळ द्यायचा. 'आपण करारातील विविध अटींचा भंग केला आहे' या वाक्याने ते पूर्ण होत नाही. परवानगीशिवाय जागा दुसऱ्याला देऊ नये ही अट आणि किराया थकवणं, या दोन्हींना ११४-अ लागत नाही.

नोटीस दिल्यावर किराया घेऊ नका, किंवा घेतला तर त्याच दिवशी लेखी कळवा की हक्क अबाधित ठेवून स्वीकारला. कंपन्यांचा किराया आपोआप खात्यात येतो, मालकाचं लक्ष नसतं, आणि चार महिन्यांनी 'तुम्ही भंग माफ केलात' असं उत्तर येतं.

---

मनीषनगर_फ्लॅट

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांसाठी? ११ महिन्यांचा नोटरी केलेला करार असेल तर?

---

मसुदा_मास्तर

'११ महिने म्हणजे नोंदणी नको' हा समज महाराष्ट्रात चालत नाही. भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत लायसन्सवर राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. वर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे 'एक महिन्याची नोटीस ठरली होती' हे तुमचं म्हणणं, 'तीन महिन्यांची ठरली होती' हे त्याचं, आणि जड पारडं त्याचं.

नोंदणी झालेला करार असेल तर तोच त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा असतो. मुदत संपली की कलम २४ चा अर्ज. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागावी लागते. जास्तीच्या दिवसांसाठी लायसन्स शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई.

कलमातले शब्द 'मुदत संपल्यावर' असे आहेत. मुदतीच्या आतच भंगासाठी करार रद्द केला तर यावर वाद होतो. म्हणून करारातच लिहून ठेवा: अमुक भंग, लेखी नोटीस, इतक्या दिवसांत सुधारणा, न झाल्यास लायसन्स त्या तारखेला संपेल. मुदतीचे दोनच महिने उरले असतील तर माझ्या मते रद्द करण्याच्या भानगडीत पडू नये. भंगाची नोटीस देऊन नोंद करून ठेवावी, आणि मुदत संपल्यावर नूतनीकरण करणार नाही हे त्यातच कळवावं.

---

किरायेदार_बाजू

दुसऱ्या बाजूचंही लिहितो, कारण मालकांनी हे वाचलं तर त्यांचेच पैसे वाचतील.

नोटिशीची मुदत संपली म्हणजे कुलूप लावण्याचा हक्क आला असं नाही. ताबा आदेशानेच मिळतो. पाणी किंवा वीज तोडली तर भाडे कायद्याच्या कलम २९ खाली ती जोडून देण्याचा आदेश मिळतो. सामान बाहेर काढलं तर विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली ६ महिन्यांच्या आत दावा लावून किरायेदार ताबा परत घेऊ शकतो, आणि त्या दाव्यात मालकीचा प्रश्न बघितलाच जात नाही. पोलीस ठाण्याला घर खाली करून देण्याचा अधिकार नाही, तिथे अर्ज करून काही निघत नाही.

थकबाकीची नोटीस आली तर किरायेदाराने ९० दिवस वाट बघत बसू नये. मालक घेत नसेल तर बँकेत भरा किंवा मनीऑर्डर करा, परत आलेल्या मनीऑर्डरची पावती जपा. दावा लागलाच तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी आणि वर्षाला १५ टक्के साधं व्याज न्यायालयात भरायचं, दावा संपेपर्यंत पुढचा किराया नियमित भरायचा आणि खर्च द्यायचा. मग त्या कारणावर ताब्याचा हुकूम होत नाही. पुढचा किराया भरण्यात खंड पडला की हे संरक्षण जातं. पहिली मोठी रक्कम भरून लोक निश्चिंत होतात आणि इथेच हरतात.

---

सदर_कचेरी

बरोबर. म्हणूनच फक्त थकबाकीवर ताबा मिळेल या आशेवर मालकाने राहू नये. त्या नोटिशीने पैसे वसूल होतात, जागा क्वचित.

---

पंधरा_दिवस

९० दिवस कसे मोजायचे ते एकदा उदाहरणाने सांगा.

---

लिफाफा

नोटीस पाठवली ६ जूनला, मिळाली १० जूनला. ६ तारीख विसरा. १० तारीखही धरायची नाही, पहिला दिवस ११ जून. जूनचे २०, जुलैचे ३१ मिळून ५१, ऑगस्टचे ३१ मिळून ८२, सप्टेंबरचे ८ मिळून ९०. ८ सप्टेंबरचा पूर्ण दिवस त्याचा. दावा ९ सप्टेंबरला किंवा नंतर. दोन लिफाफे दोन तारखांना पोचले असतील तर नंतरची तारीख धरा. आणि पोचपावतीवरची तारीख अस्पष्ट असेल तर टपाल कार्यालयाकडून वितरणाचा लेखी दाखला दाव्याच्या आधीच घ्या.